शेवटच्या वाफ्यातली फ्रेम

दृश्य प्रोग्रॅमिंगमध्ये आज्ञा टंकायच्या नसतात, मांडायच्या असतात. पडद्यावर छोटे चौकोन ठेवलेले असतात; त्यांना नोड म्हणतात. एक नोड कॅमेऱ्याकडून चित्र घेतो, दुसरा त्यातला रंग काढून टाकतो, तिसरा ते थोडे धूसर करतो, चौथा त्यातून आधीचे चित्र वजा करून काय हलले ते दाखवतो. नोडांमध्ये रेषा ओढल्या की चित्र एकातून दुसऱ्यात वाहू लागते आणि शेवटच्या नोडातून पडद्यावर येते. या सगळ्या जुळणीला पॅच म्हणतात. टचडिझायनर, मॅक्स, प्युअर डेटा, व्हीव्हीव्हीव्ही, बोन्साय ही अशी सॉफ्टवेअर आहेत. ब्लेंडरमध्ये चित्रांवर अखेरचा हात फिरवणारा कंपोझिटरही याच पद्धतीने चालतो. नाटकामागचे हलते पडदे, संग्रहालयातली दालने, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या हालचालींची मोजणी अशा कामांसाठी ही सॉफ्टवेअर वापरली जातात.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या शिरोड्यात ही रचना समजावायला संगणकाची गरज नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे महाराष्ट्रभर माहीत झालेली गावची मिठागरे त्यासाठी पुरेशी आहेत. भरतीचे खारे पाणी आत घेतात, साठवतात आणि उथळ वाफ्यांमधून पुढे पुढे नेतात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. प्रत्येक वाफ्यात ऊन एकच काम करते, पाणी आटवण्याचे. मूळ पाण्याचा सुमारे दहावा हिस्सा उरला की शेवटच्या वाफ्यात मीठ धरू लागते. पण धरलेले मीठ आपल्या पायांनी बांधावर येत नाही. ते ओढावे लागते, त्याची रास करावी लागते आणि पावसाआधी ते झाकावे किंवा हलवावे लागते. पॅचचेही असेच आहे. शेवटच्या नोडपर्यंत पोचलेली फ्रेम, म्हणजे चित्रणातले एक सुटे चित्र, कुठेही साठत नाही. सेकंदाला २५ फ्रेम्सच्या वेगात ती ४० मिलिसेकंद पडद्यावर असते आणि मग तिच्या जागेवर पुढची फ्रेम लिहिली जाते. ती हवी असेल तर ओढून काढण्याचे काम एका वेगळ्या नोडला द्यावे लागते. टचडिझायनरमध्ये त्याचे नाव ‘मूव्ही फाइल आउट’, ब्लेंडरमध्ये ‘फाइल आउटपुट’, बोन्सायमध्ये ‘व्हिडिओ रायटर’. नवखा माणूस सारा जीव मधल्या वाफ्यांत ओततो आणि हा शेवटचा नोड सवडीने जोडू म्हणून सोडून देतो. बहुतेक घोटाळे त्यातूनच होतात.

फिल्मच्या काळात हा प्रश्न नव्हता, कारण तिथे टिपणे आणि साठवणे ही एकच क्रिया होती. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा कोंब वर येऊन वेल वाढेपर्यंत, सुमारे महिनाभर, थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम टिपली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाणारी ही सुमारे एका मिनिटाची फिल्म दाखवून त्यांनी पुढच्या कामासाठी भांडवल मिळवले. सेकंदाला सोळा फ्रेम्सचा त्या काळचा वेग धरला, तर मिनिटाला ९६० फ्रेम्स होतात. कॅमेऱ्याचे झाकण उघडून मिटले की ती फ्रेम फिल्मवर कायमची झाली. नंतर धुवायची ती फक्त दिसावी म्हणून. संगणकात टिपणे, बदलणे आणि साठवणे या तीन निराळ्या क्रिया झाल्या आहेत, तिघींचे वेगही निराळे, आणि सर्वांत संथ बहुतेक वेळा साठवण्याची असते.

हे आकड्यांत सहज दिसते. समजा, शिरोडा-वेळागरच्या किनाऱ्यावर एखाद्या घराच्या गच्चीवर कॅमेरा बसवला आहे आणि लाटा कुठे फुटतात ते पॅच शोधतो आहे. चित्र नेहमीचे, १९२० बाय १०८० ठिपक्यांचे. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट. एक फ्रेम झाली ६२,२०,८०० बाइट, म्हणजे सव्वासहा एमबीच्या आतबाहेर. सेकंदाला २५ फ्रेम्स म्हटल्या तर दर सेकंदाला १५५.५ एमबी. तासाभरात ९०,००० फ्रेम्स आणि सुमारे ५६० जीबी. हेच चित्र फोर-केमध्ये घेतले तर सगळे आकडे चौपट. आता पलीकडची बाजू: फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क सलग लिहिताना सेकंदाला शंभर ते दोनशे एमबी घेते. साटा जोडणीची एसएसडी पाचशेच्या आसपास जाते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पुढे. जुन्या यूएसबी २.० च्या भोकात लावलेली बाहेरची डिस्क तीस-चाळीसवर अडकते, मग आत कितीही महागडी चिप असो.

पॅच चालवणाऱ्याला यातून एक फसवा अनुभव येतो. समजा डिस्क सेकंदाला ११० एमबी लिहू शकते आणि पॅच १५५.५ पाठवतो. उरलेले साडेपंचेचाळीस एमबी कुठे तरी थांबायला हवे. ते मेमरीत रांग लावून थांबतात. मोकळी मेमरी आठ जीबी असेल तर ती भरायला सुमारे तीन मिनिटे लागतात. तोवर सगळे गुळगुळीत चालते. चाचणी मिनिटभराचीच घेतली असेल तर ती उत्तीर्णही होते. चौथ्या मिनिटाला चित्र अडखळू लागते, फ्रेम्स गळतात किंवा सॉफ्टवेअर बंद पडते, आणि माणूस दोष मधल्या नोडांमध्ये शोधत बसतो. शेवटच्या वाफ्यातले मीठ वेळेत ओढले नाही म्हणून मागचे पाणी तुंबले, इतकेच घडलेले असते. म्हणून चाचणी खऱ्या कामाइतकीच लांब घ्यावी, निदान मेमरी दोनदा भरेल एवढी तरी.

डिस्कच्या आधी आणखी एक अरुंद तोंड लागते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. टचडिझायनरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रावरचे बहुतेक संस्कार ग्राफिक्स कार्डावर होतात. फ्रेम त्या कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत असते. ती डिस्कवर जायची तर आधी संगणकाच्या मुख्य मेमरीत उतरवावी लागते. कार्ड पुढे नेण्यासाठी घडवलेले आहे, मागे देण्यासाठी नव्हे. ‘आत्ताच्या आत्ता ही फ्रेम दे’ असे म्हटले की कार्डाला हातातले काम संपवून थांबावे लागते आणि तेवढा वेळ प्रोसेसरही ताटकळतो. शहाणी सॉफ्टवेअर म्हणूनच या क्षणाची फ्रेम या क्षणाला मागत नाहीत. मागणी नोंदवून ठेवतात आणि एक-दोन फ्रेम्सनंतर, चित्र उतरून झाल्यावर, ती उचलतात. साठवलेली फ्रेम पडद्यावरच्या फ्रेमच्या किंचित मागे असते ती यामुळे. आवाज बरोबर साठवायचा असेल तर हा फरक मोजून भरून काढावा लागतो, नाहीतर दशावतारी नाटकात पखवाजावर थाप आधी पडते आणि संकासुराचे पाऊल मागून येते.

यानंतर येतो रूपाचा प्रश्न: फ्रेम्स सुट्या चित्रांच्या फाइलींमध्ये ठेवायच्या की सगळ्या मिळून एकच व्हिडिओ फाइल करायची?

सुट्या चित्रांना त्यांचा असा एक मोठा गुण आहे, आणि कोकणात राहणाऱ्याला तो लगेच पटेल. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस येतो आणि वीज जाते. त्या क्षणी एमपी-फोर फाइल लिहिली जात असेल, तर ती बहुतेक वेळा संपूर्ण वाया जाते. कारण फाइलीत कुठे काय आहे याची सूची शेवटी, फाइल बंद करताना लिहिली जाते. सूचीच नाही तर आतले तासाभराचे चित्रण असूनही उघडत नाही. सुटी चित्रे असतील तर लिहिली जात असलेली एखाददुसरी तेवढी जाते, बाकीची सगळी शाबूत. ब्लेंडरमध्ये रात्रभर काम लावणारे लोक आधी सुटी चित्रेच काढतात आणि व्हिडिओ नंतर बांधतात ते याच भीतीने. काम अर्ध्यावर थांबले तर राहिलेल्या क्रमांकापासून पुढे चालू करता येते. एकच फाइल हवीच असेल तर एमकेव्ही हे वेष्टन बरे. अर्धवट राहिले तरी तिथपर्यंतचा भाग बहुधा उघडतो.

सुट्या चित्रांचा जाच मात्र त्यांच्या संख्येत आहे. तासाला नव्वद हजार फाइली एकाच फोल्डरमध्ये टाकल्या तर तो फोल्डर उघडतानाच संगणक धापा टाकतो, आणि लहान फाइली एकेक करून पेनड्राइव्हवर नेणे एका मोठ्या फाइलीपेक्षा कितीतरी संथ होते. दर हजार फ्रेम्सना एक फोल्डर केला की हा त्रास आवाक्यात येतो.

नावांचेही भान लागते. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. कागदावर रंगवलेल्या चित्रांची पोथी समोर ठेवून, एकामागून एक चित्र दाखवत कथा गाऊन सांगायची ही परंपरा. तिच्यासाठी परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. पोथीतले चित्र मागेपुढे झाले तर गोष्टच मोडते. फ्रेम्सच्या फोल्डरमध्ये ही मोडतोड कोणाचाही हात न लागता होते. फाइलींना १, २, ३ अशी नावे दिली तर कित्येक प्रोग्रॅम ती अक्षराअक्षराने लावतात. मग १ नंतर १० येते, त्यानंतर १००, आणि २ कुठे तरी दूर मागे. नाव ०००००१ असे सहा अंकी ठेवले की प्रश्न संपतो. दुसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. क्रमांक फ्रेम जन्मली तेव्हाचा द्यावा, लिहून झाली तेव्हाचा नव्हे. वेग वाढावा म्हणून एकाच वेळी चार-पाच फाइली समांतर लिहिल्या जातात तेव्हा साधे निळे आकाश असलेली फ्रेम आधी आवळून, म्हणजे कमी बाइटांत बसवून, होते आणि फेसाळ लाटांची मागे राहते. लिहून झाल्यावर क्रमांक दिला तर लाट फुटण्याआधीच वाळूवर पोचते.

आवळण्याचे प्रकारही कामाप्रमाणे. जेपेग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे करते आणि डोळ्याला न जाणवणारे तपशील टाकून देते. फाइल दहापटीने लहान होऊ शकते. माणसाने पाहायचे असेल तर हरकत नाही. पण पुढे दुसरा पॅच त्यातून कडा शोधणार असेल, तर त्या तुकड्यांच्या शिवणीच त्याला कडा वाटतात. पीएनजी काहीही टाकत नाही, पण आवळायला वेळ घेते. प्रोसेसरच्या एका कोअरवर मोठ्या फ्रेमला बऱ्याचदा ४० मिलिसेकंदांहून अधिक लागतात, म्हणजे पुढची फ्रेम दारात उभी असते आणि आतली अजून कपडे घालते आहे. तिची आवळपातळी कमी केली तर फाइल थोडी फुगते आणि वेग बराच वाढतो. हा सौदा जवळजवळ नेहमीच फायद्याचा. टिफ किंवा बीएमपी न आवळता लिहिले तर प्रोसेसर मोकळा राहतो, सगळा भार डिस्कवर येतो. कुठला वाफा आधी भरतो ते पाहून निवड करावी.

व्हिडिओ फाइल करायची ठरली तर तिथेही पाहण्याचे आणि कामाचे असे दोन वर्ग आहेत. मोबाइलपासून यूट्यूबपर्यंत चालणारे २००३ चे एच.२६४ काही फ्रेम्स पूर्ण लिहिते आणि मधल्या फ्रेम्सचा फक्त बदल लिहिते. त्याने फाइल कमालीची लहान होते. पण ३४७ वी फ्रेम एकटी मागितली तर आधीच्या पूर्ण फ्रेमपासून हिशोब करत यावे लागते. शिवाय नेहमीच्या वापरात ते रंगाचा तपशील लांबी-रुंदी दोन्हींत निम्मा करते. मोशन जेपेग, अॅपलचे २००७ चे प्रोरेस किंवा खुले एफएफव्ही१ प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवतात. त्यांतले एफएफव्ही१ काहीच टाकत नाही, म्हणून अभिलेखागारांना ते आवडते.

आता ठिपक्याच्या आत डोकावले पाहिजे. ठिपक्याच्या प्रत्येक रंगाला आठ बिट म्हणजे ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या. पॅचच्या आत मात्र गणित अपूर्णांकांत चालू शकते. समुद्रकिनाऱ्यांच्या अभ्यासात याचे चांगले उदाहरण आहे. अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात रॉब होल्मन यांनी उभारलेल्या आर्गस या पद्धतीत किनाऱ्यावरच्या कॅमेऱ्याच्या दहा मिनिटांच्या फ्रेम्सची सरासरी काढून एकच चित्र करतात. एकेक लाट त्यात विरून जाते आणि जिथे लाटा वारंवार फुटतात तिथे पांढरा पट्टा उमटतो. पाण्याखालची वाळूची दांडी कुठे आहे ते त्या पट्ट्यावरून कळते. शिरोड्याच्या गच्चीवरल्या पॅचला हेच करायचे झाले तर दहा मिनिटांच्या १५,००० फ्रेम्सची बेरीज करावी लागेल. ती आठ बिटांत केली तर दोन-चार फ्रेम्समध्येच २५५ ची कड लागते आणि सगळे चित्र पांढरे होते. बेरीज अपूर्णांकांत करावी हे बहुतेकांना सुचते. पण निकाल साध्या पीएनजीत टाकला की दोन पायऱ्यांमधले सगळे फरक पुन्हा पुसले जातात. अशा वेळी सोळा बिटांची पीएनजी किंवा टिफ, नाहीतर इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या अमेरिकी स्टुडिओने २००३ मध्ये खुले केलेले ओपन-ईएक्सआर वापरतात. ईएक्सआर अपूर्णांक जसेच्या तसे ठेवते आणि पांढऱ्याला एक मानले तर त्याहून अधिक चमक व ऋण आकडेही सांभाळते. चित्रपटातली दृश्ये जोडणाऱ्यांचे काम यावरच चालते.

आर्गसच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. तिथे सगळ्या फ्रेम्स ठेवण्याचा आग्रहच नाही. हजारो फ्रेम्स वाहून जाऊ दिल्या जातात आणि त्यांचा अर्क तेवढा डिस्कवर पोचतो. डिस्क मोठी घेण्याआधी हा विचार करून पाहावा. लाट फुटण्याची जागा हवी असेल तर चित्रही लागत नाही. प्रत्येक फ्रेममागे एक आकडा आणि वेळ एवढी ओळ मजकूर फाइलीत पुरते. एखादी घटनाच पकडायची असेल तर तिसरा मार्ग आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला, ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वाळूतून वर येऊन पाण्याकडे जातात. तो क्षण काही मिनिटांचा, पहारा मात्र रात्र रात्र. इथे पॅचमध्ये एक गोल रांग ठेवतात: शेवटच्या वीस सेकंदांच्या फ्रेम्स मेमरीत फिरत राहतात, नवी आली की सर्वांत जुनी पुसली जाते, डिस्कवर काहीच जात नाही. वाळूत हालचाल दिसली की ती रांग आणि त्यापुढचे चित्रण दोन्ही लिहायला लागायचे. हालचाल सुरू होण्याच्या आधीचे क्षणही अशाने हाती लागतात. आधी घडलेले नंतर साठवण्याची ही सोय फाळक्यांच्या कॅमेऱ्याला नव्हती.

काळाच्या बाबतीत ही सॉफ्टवेअर दोन रीतींनी चालतात आणि कोणती रीत चालू आहे हे न पाहिल्याने होणारे नुकसान मोठे असते. पहिली रीत घड्याळाबरोबरची: फ्रेम तयार झाली नाही तर ती सोडून पुढे जायचे, पण वेळ पाळायची. रंगमंचावर हेच हवे. दुसरीत घड्याळ बाजूला ठेवतात. एक फ्रेम पूर्ण घडून डिस्कवर पोचल्याशिवाय पुढची सुरू होत नाही. दहा सेकंदांच्या चित्रणाला दहा मिनिटे लागोत, एकही फ्रेम गळत नाही. टचडिझायनरमध्ये ‘रिअलटाइम’ नावाची एक कळ बंद करून या दुसऱ्या रीतीत जाता येते. आधी साठवलेल्या चित्रणावर काम असेल तर तीच वापरावी. समोर जिवंत कॅमेरा असेल तर तिचा उपयोग नाही, कारण पॅच थांबला म्हणून वेळागरची लाट थांबत नाही. म्हणून अनुभवी लोक काम दोन भागांत तोडतात. किनाऱ्यावर फक्त कच्चे चित्रण, हलक्या आवळणीने, काहीही न करता साठवायचे. घरी आल्यावर ते पॅचमध्ये संथपणे सोडायचे आणि तयार फ्रेम्स निवांत लिहायच्या.

या तोडणीचा दुसरा लाभ असा की कच्चे चित्रण आणि पॅचची फाइल जवळ असली तर तयार फ्रेम्स पुन्हा घडवता येतात. उलट मार्ग नाही; मिठापासून समुद्र होत नाही. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी फिल्म स्कॅन होते तेव्हा याच कारणाने स्वच्छ न केलेले मूळ स्कॅनही जपणे महत्त्वाचे ठरते. चित्रपटसृष्टीत अशा स्कॅनसाठी प्रत्येक फ्रेमची एक डीपीएक्स फाइल करण्याचा रिवाज आहे. ४०९६ बाय ३११२ ठिपक्यांची, ठिपक्याला चार बाइटांची एक फ्रेम सुमारे ५१ एमबीची होते आणि दोन तासांच्या चित्रपटाच्या १,७२,८०० फ्रेम्सना ८.८ टीबी जागा लागते. ओरखडा पुसण्याची आजची रीत उद्या ओबडधोबड वाटू शकते. मूळ जवळ असेल तर काम पुन्हा करता येते. पॅचमध्ये कुठे यदृच्छेने आकडे निवडले जात असतील, किंवा प्रेक्षकांच्या हालचालीवर चित्र बदलत असेल, तर मात्र हा आधार राहत नाही. तेच चित्र पुन्हा कधीच येणार नाही, म्हणून तयार फ्रेम तिथल्या तिथे साठवावीच लागते, नाहीतर आलेले सगळे आकडे तरी नोंदवावे लागतात.

साठवून झाल्यावर तपासणी उरते. ती दहा मिनिटांची असते आणि तरी टाळली जाते. पहिला व शेवटचा क्रमांक पाहून मधल्या फाइली मोजायच्या; संख्या कमी भरली तर फ्रेम्स गळल्या. क्रमांक सलग असूनही फ्रेम्स गळलेल्या असू शकतात, कारण काही सॉफ्टवेअर गळलेल्या जागी मागचीच फ्रेम पुन्हा लिहितात. म्हणून प्रत्येक फ्रेमची टिपण्याची वेळ वेगळ्या मजकूर फाइलीत असावी आणि दोन वेळांमध्ये ४० मिलिसेकंदांचेच अंतर आहे का ते पाहावे. शून्य बाइटांच्या फाइली शोधाव्या. डिस्क भरली की त्या मुकाट्याने तयार होतात. बाहेरची डिस्क जुन्या फॅट३२ पद्धतीची असेल तर कुठलीही एक फाइल चार जीबीपुढे जात नाही, तेव्हा मोठा व्हिडिओ नेमका तिथे तुटला आहे का तेही बघायचे. शेवटी मधलीच एखादी फ्रेम उघडून पॅचच्या पडद्याशेजारी धरायची. ती उलटी असेल तर चित्राचा उगम वर की खाली याबद्दल दोन प्रोग्रॅमांचे एकमत नाही. ती फिकी किंवा काळपट दिसत असेल तर चमकीचा वक्र एकदा कमी किंवा एकदा जास्त लावला गेला आहे. आणि आकाश तांबडे, शिरोड्याची वाळू निळसर दिसली, तर लाल आणि निळ्याचा क्रम उलटा लिहिला गेला आहे. हे तिन्ही दोष शेवटच्या नोडच्या आधी एकेक नोड घालून दुरुस्त होतात, मात्र चित्रण पुन्हा पॅचमधून सोडावे लागते.